बेल्मिरोची सरळ वाट

आमच्याकडे टेकाडावरून सरळ चालत नाहीत. दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे, असं वळत वळत जायचं, मग समुद्र. नव्या माणसाला वाटतं, काय खुळे लोक आहेत, समोर पाणी दिसतंय आणि हे चकरा मारतायत. पण वाळूच्या टेकाडात सरळ वाट पडली की वारा तिच्यातून घुसतो, वाऱ्यामागून वाळू येते, आणि एकदा तिला तोंड सापडलं की ती परसही गिळते आणि घरही. टेकाड धरून ठेवतं ते फक्त वाळूगवत. दिसायला ते राकट, हात कापेल असं, पण पायाखाली आलं की मेलंच. म्हणून इथं केपवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या आमच्या या वाळूच्या पट्ट्यावर, पोर चालायला लागलं की त्याला पहिली शिकवण हीच देतात, गवतावर पाय ठेवायचा नाही.

आणि या बाबतीत माझ्या नवऱ्याइतका खडूस माणूस अख्ख्या गावात नव्हता. बेल्मिरो परसात काम करत असला तरी त्याचा एक डोळा टेकाडावर. उन्हाळी लोक, म्हणजे जून ते ऑगस्ट बोस्टनहून येऊन राहणारे, त्यांना तर तो धारेवरच धरायचा. एकदा चर्चमध्ये नवे फादर आले होते. बिचारे झगा वर धरून सरळ उतरायला लागले. बेल्मिरो भाजीतून ओरडला, "फादर, स्वर्गाची वाट सरळ असेल, इथली वाकडीच आहे! मागे फिरा!" मी अॅप्रनमध्ये तोंड खुपसलं. फादर फिरले मागे.

तर असा हा माणूस. आणि त्यानेच टेकाडाला भोक पाडलं.

कसं ते सांगते. गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या. आधी माणसांची नावं, मग आजचा वार, मग जेवलो की नाही जेवलो. पण शेवाळ आणायचं तो विसरला नाही. शरद ऋतूत वादळांनी किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग लागतात. ते आणून परसात पसरायचं, पावसाने त्याचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि वसंतात खणून मिसळायचं, हे त्याचं त्रेचाळीस वर्षांचं काम. आम्ही या घरात आलो तेव्हा मागे नुसती वाळू होती. पाणी ओतलं की कुठे गेलं ते कळायचं नाही. शेवाळ, माशांची डोकी, आतडी, शिंपल्यांचा चुरा, असं घालून घालून त्याने माती केली. आज हात घातला तर मनगटापर्यंत काळीभोर लागते, त्याच्याखाली परत वाळूच. माती आम्ही कुठून आणली नाही बरं का, केली.

मागच्या ऑक्टोबरात त्याने बादली उचलली आणि वळणाची वाट विसरून सरळ टेकाड चढून गेला. आला, शेवाळ टाकलं, टाकल्याचं विसरला, परत गेला. दिवसाला दहा-दहा खेपा. माझा गुडघा गेलाय, मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेली असते. मला वाटलं, जाऊ दे, तेवढाच रमतोय. ही माझी चूक. मी पोटच्या पोरीला गवतावर चालली म्हणून धपाटे घातलेली बाई, आणि नवरा डोळ्यांदेखत सरळ वाट पाडत होता तर मी घेवडा निवडत बसले.

जानेवारीत वायव्येचं वारं सुटलं, तीन दिवस. चौथ्या दिवशी दार उघडलं तर परसात कंबरभर वाळूची जीभ. कोवच्या चार ओळींतल्या अडीच गडप. कोव म्हणजे आम्हा पोर्तुगीजांची पालेभाजी, हात हात उंच वाढते, थंडीतसुद्धा हिरवी राहते. तिच्याशिवाय आमचं सूप होत नाही आणि सुपाशिवाय आमचा हिवाळा सरत नाही. वर बघितलं तर टेकाडाला दात पडल्यासारखी खिंड, आणि त्यातून समुद्र दिसतोय. माझ्या घरातून त्रेचाळीस वर्षांत समुद्र कधी दिसला नव्हता.

त्याच शनिवारी आमची मुलगी फिलोमेना न्यू बेडफर्डहून आली. ती शाळेच्या कचेरीत आहे, त्यामुळे तिला सगळ्यांनाच शिस्त लावायची सवय.

"माय, हे काय गं? भाजीचे नुसते शेंडे दिसतायत!"

"जरा वारा होता."

"जरा? पुढच्या वादळात स्वयंपाकघरात येईल वाळू. आणि मासेमारी सोडून इतकी वर्षं झाली तरी पपांनी मला दोनदा विचारलं, जहाज किती वाजता सुटणार म्हणून. तू एकटी काय काय बघणार आहेस?"

मग तिने बॅगेतून कागद काढला. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा होती, पोर्तुगीज बोलणाऱ्या बायका कामाला, स्वच्छ, तिसऱ्या मजल्यावर दोघांसाठी खोली. त्यांनी ती ईस्टरपर्यंत राखून ठेवली होती.

"तिसऱ्या मजल्यावर तो काय करेल?" मी विचारलं.

"तिथे गॅलरी आहे, माय. कुंड्या ठेवता येतात."

कुंड्या! मी तोंड उघडलं असतं तर पोरगी रडत परत गेली असती. पण तिला एक गोष्ट माहीत नव्हती. घरात बेल्मिरो हरवल्यासारखा फिरायचा, संडासाचं दार शोधायचा, माझ्याकडे परक्यासारखा बघायचा. परसात पाऊल टाकलं की तोच माणूस परत यायचा. कुठल्या ओळीत सलगम, कुठे लसूण दबलाय, कुठल्या कोपऱ्यात मासे पुरलेत आणि तिथे अजून वर्षभर काही लावायचं नाही, सगळं त्याच्या हातांना पाठ. दिवसातले ते चार तास मला माझा नवरा मिळायचा. ते चार तास गेले तर माझ्याकडे काय उरणार होतं?

"ईस्टरपर्यंत थांब," मी म्हटलं. "तोवर ही वाळू मी थोपवली नाही तर मुकाट्याने बॅग भरते. शब्द देते."

"थोपवलीस तर?"

"तर त्या खोलीत दुसऱ्या कुणाला तरी राहू दे."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. लहानपणी धपाटे खाताना बघायची तसंच बघितलं.

पहिल्यांदा मी शेजारच्या आर्सेनियोला बोलावलं. ऐंशीचा आहे, पण अजून स्वतःचं सरपण स्वतः फोडतो. आम्ही दोघांनी खिंडीत लाकडी पट्ट्यांचं कुंपण उभं केलं. दुसऱ्या दिवशी बेल्मिरोने ते उपटून बाजूला रचून ठेवलं, अगदी व्यवस्थित.

"उन्हाळी लोकांचे धंदे," तो मला म्हणाला. "माझ्या वाटेत कुंपण घालतात."

परत लावलं. परत उपटलं. तिसऱ्यांदा तर माझ्यासमोर पट्ट्या मोडायला लागला आणि माझं डोकं फिरलं. गुडघा धरून मी टेकाडाशी गेले आणि नको ते बोलले.

"आंधळा झालायस का? उन्हाळी लोक काय म्हणतोस? हे भगदाड तू पाडलंयस! तू! गवत तू तुडवलंस, बाग तू बुडवलीस!"

त्याने खिंडीकडे बघितलं. मग आपल्या बुटांकडे बघितलं. "मी?" म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की वाऱ्यात मला ओठच दिसले. हातातली पट्टी खाली ठेवून तो वाळूत बसला आणि मुठीने वाळू उचलून उचलून खिंडीत टाकायला लागला, जशी काही ती भरून निघणार होती. मी त्याला कसंबसं उठवून घरी आणलं. कॉफी पिईपर्यंत तो सगळं विसरला आणि बिस्किट मागायला लागला. मी विसरले नाही. आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

कुंपणाचा नाद सोडला. आर्सेनियो म्हणाला, "गवतच लाव आता. मार्च आहे, हीच वेळ. माझ्या बाजूला दाट झालंय, हवं तेवढं काढून देतो. खिंडीत झाडांच्या फांद्या टाकू, त्यात वाळू अडेल, आणि मधे मधे गवत."

"आणि तो रोज दहा वेळा त्याच्यावरून जाईल त्याचं काय?"

"त्याचं मला नको विचारूस. तुझा नवरा आहे."

मोठा शहाणा! पण दुसरा उपायही नव्हता. त्याने पाइनच्या फांद्या ओढून आणून पसरल्या, गवताचे भारे ओल्या गोणपाटात बांधून दिले आणि कंबर धरून घरी गेला. मी खाली उशी टाकून गुडघ्यांवर बसले आणि लावायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मागे सावली पडली.

"बाई," बेल्मिरो म्हणाला, "असं वरवर लावून चालत नाही."

बाई म्हणाला तो मला. फेब्रुवारीपासून अधूनमधून असं व्हायला लागलं होतं. सकाळी मी त्याची ओडिलिया असायचे, दुपारी कुणीतरी बाई. फिलोमेनाला मी हे फोनवर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती ईस्टरची वाट न बघता दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली असती.

"मग कसं लावायचं?" मी विचारलं.

तो माझ्याशेजारी बसला. खुंट्याने हातभर खोल भोक पाडलं, तीन काड्या एकत्र धरून आत सोडल्या, तळव्याने वाळू दाबली आणि काड्या ओढून बघितल्या. हलल्या नाहीत. "तीन काड्या," तो म्हणाला. "एकटी काडी मरते. आणि एकासमोर एक नाही लावायच्या, वाऱ्याला मधून गल्ली मिळता कामा नये. तुम्ही कुठल्या गावच्या?"

"इथलीच."

"मग कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

"नवरा होता, पण त्याने परसात मला कधी हात लावू दिला नाही."

"अरेरे," तो म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मला हसू आलं आणि मी पुढच्या तीन काड्या उचलल्या.

सहा दिवस आम्ही लावत होतो. रोज सकाळी त्याला नव्याने सांगावं लागायचं, रोज तो मला नव्याने शिकवायचा आणि रोज माझ्या पहिल्या चार काड्या उपटून टाकायचा. आम्ही कामात असलो की बादली पडवीत तशीच राहायची. सहाव्या दिवशी काम संपलं. सातव्या दिवशी मी खिडकीशी बसले होते, आणि तो बादली घेऊन पडवीतून उतरला.

उठून अडवावं तर गुडघा आखडलेला. ओरडावं तर परत तसलंच काही तोंडातून निघायचं, या भीतीने आवाज फुटेना. तो तरातरा नेहमीच्या सरळ रेषेत गेला. खिंडीच्या तोंडाशी पोचला, पाय उचलला.

आणि तो पाय तसाच हवेत ठेवून उभा राहिला.

मग त्याने पाय मागे घेतला. बादली खाली ठेवली, वाकून गवताची काडी बोटांनी चाचपली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गवत कुणी लावलं हे त्याला आठवत नव्हतं. मी कोण हे त्या दिवशी त्याला माहीत नव्हतं. पण गवतावर पाय ठेवायचा नाही, हे मात्र त्याच्या पायात होतं. कुंपण त्याने दहा वेळा मोडलं असतं. तीन काड्या त्याला ओलांडवेनात. मी खिडकीत बसून हमसून हमसून रडले, नाक पुसायला भांडी पुसायचं फडकं घेतलं.

पण मग तो तिथेच बादली उपडी घालून बसून राहिला. अर्धा तास, तास. समोर समुद्र ऐकू येतोय आणि जायचं कुठून ते कळत नाही, असा. माझी बाग वाचली आणि त्याची वाट बंद झाली. मी मुकाट्याने त्याचे जुने रबरी बूट पायात चढवले, काठी घेतली आणि गेले.

"वाट चुकली का?" मी विचारलं.

"इथे होती," तो म्हणाला.

"चला, मला दुसरी माहीत आहे."

तेव्हापासून रोज. दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे. प्रत्येक वळणावर माझा गुडघा सगळ्या संतांची नावं घेतो. पूर्वी दहा खेपा व्हायच्या, आता सकाळी एक आणि दुपारी एक, कारण बादलीवाला तयार असला तरी बादलीवालीचा पाय तयार नसतो. गंमत बघा, त्रेचाळीस वर्षांत मी किनाऱ्यावर दहा वेळा गेले नसेन. मासळीचा वास मला घरात पुरत होता. आता शेवाळ कुठलं चांगलं, कुठलं नुसतंच चिकट, हेसुद्धा मला कळायला लागलं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात वारं आलं. मंगळवारी सुरू झालं ते शुक्रवारी थांबलं. चार दिवस आम्ही आतच होतो, आणि मी जपमाळ ओढत खिडकीच्या फटीतून येणारी वाळू झाडत होते. शनिवारी सकाळी बाहेर जायचा धीर होईना. शेवटी गेले. फांद्या निम्म्या बुडाल्या होत्या. गवत वाकलं होतं, पण होतं. परसात वाळू आली होती ती खराट्याने झाडता येईल एवढीच. आणि जानेवारीत आम्ही उकरून काढलेल्या कोवला नवे कोंब फुटले होते, कोवळे, निळसर हिरवे.

ईस्टरच्या रविवारी फिलोमेना आली. मी अख्खं अंडं खुपसलेला गोड पाव भाजून ठेवला होता, पण तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ परसात गेली. खिंड बघितली, गवत बघितलं, ओळी मोजल्या.

"तू केलंस हे?"

"तुझ्या बापाने केलं. मी काड्या देत होते."

ती काही बोलणार होती, तेवढ्यात बेल्मिरो कोवच्या ओळीतून सुरी हातात घेऊन उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, टेकाडावरचं गवत तुम्हीच लावलंत ना?"

फिलोमेनाने माझा दंड पकडला. दोन महिने लपवलेलं एका वाक्यात बाहेर पडलं. झालं, मी मनात म्हटलं, भर ओडिलिया बॅग.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"खोल लावलंत. चांगलं धरलंय." तो परत वाकला. खालची मोठी पानं एकेक करून कापली, शेंडा राखला, खिशातल्या सुतळीने जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. गवत लावायला आलेल्या माणसाला आम्ही रिकाम्या हाताने पाठवत नाही."

 "तुमची बायको रागावेल," मी म्हटलं.

"ती?" बेल्मिरो हसला. कितीतरी महिन्यांनी असा हसला. मग घराकडे एक नजर टाकून, कुणी ऐकू नये म्हणून आवाज खाली आणला. "ती ओरडते हो. सगळ्या जगावर ओरडते. पण मला कुठून कुठे जायचं ते हल्ली आठवत नाही. तिचा आवाज आला की कळतं, घर तिकडे आहे."

आणि तो परत भाजीत वाकला.

फिलोमेनाने माझा दंड सोडला नव्हता. ती बापाच्या पाठीकडे बघत होती. मग शाळेच्या कचेरीतल्या त्या आवाजात, फक्त तो मधेच फाटला, म्हणाली, "माय, खोली नको म्हणून मी उद्या कळवते. आणि दर शनिवारी येत जाईन. तेवढ्याला तरी नाही म्हणू नकोस."

"ये. पण वळणाच्या वाटेने चालायचं."

मी जुडी घेऊन आत गेले. पानं धुतली, बारीक चिरली, उकळत्या बटाट्यांत टाकली, सॉसेजचे तुकडे टाकले. डोळ्यांत पाणी होतं, ते मी कांद्यावर ढकलणार होते, पण कांदा घालायचाच राहिला होता. सूप झालं. मग मी खिडकी उघडली, दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ओरडले, "बेल्मिरो! सुरी ठेव, हात धू आणि जेवायला ये!"

त्याने मान वर केली आणि तो आला.